लाथेनंतरचा नमस्कार

मी शांत स्वभावाची आहे असं कुणी म्हणालं, तर माझा नवरा उदय चहा पिता पिता ठसकेल. दारात गाडी लावणाऱ्या शेजाऱ्याला मी असं काही झापलंय की तो अजून मला बघितलं की रस्ता ओलांडून पलीकडून जातो. अशा बाईला लाथ मारता येत नव्हती, हे कुणाला पटलं असतं?

म्हणजे लाथ बसायची उत्तम. ग्रॅहमनं ती घडवलीच होती तशी. ग्रॅहम आमचा सेन्सेई, म्हणजे कराटेचा गुरुजी. मनातल्या मनात मी त्याला अरेतुरेच करायचे. तरुणपणी जपानात राहून मार खात शिकलेला, आणि तो सगळा मार तो इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या चर्च हॉलमध्ये आम्हाला वाटत होता. जानेवारीतसुद्धा खिडक्या उघड्या. लाकडी जमिनीवर मुठी टेकवून जोर काढायचे. घोड्यावर बसल्यासारखं गुडघे वाकवून उभं राहायचं, आणि मांड्या लटलटायला लागल्या की तो बांबूच्या काठीनं टोचून म्हणायचा, "अजून खाली." घरी जिना मी बसून उतरायचे. तरी पुढच्या बुधवारी हॉलवर सगळ्यांच्या आधी मी हजर.

अडचण लाथेनंतर यायची. पाय समोरच्याला लागला की माझा उजवा हात आपणहून त्याला शिवायचा आणि मग माझ्या छातीशी यायचा. आईनं लहानपणी लावलेली सवय. माणूस असो की पुस्तक, पाय लागला की नमस्कार करायचा. तेवढ्यात समोरचा माझ्या उघड्या बरगडीत निवांत ठोसा ठेवून द्यायचा. ब्राऊन बेल्टच्या परीक्षेत मी त्यापायीच दोनदा आपटले.

ट्रेसीनं एकदा विचारलं होतं, हे काय करतेस म्हणून. ट्रेसी डेंटिस्टकडे रिसेप्शनला होती, ब्राऊन बेल्ट तिच्याकडे आधीच होता, आणि सरावाला ती माझी जोडीदार. माझ्या सगळ्यात जास्त लाथा तिनंच खाल्ल्या. मी म्हटलं, "अगं, दुसऱ्याच्या अंगाला पाय लावायचा नसतो. लागलाच तर माफी मागायची." ती म्हणाली, "छान आहे की हे."

ग्रॅहमला अजिबात छान वाटलं नव्हतं. "सुलक्षणा, परीक्षेत पुन्हा हात छातीशी गेला तर नापास. आणि परत या पट्ट्यासाठी मी तुला उभं करणार नाही."

मला तो पट्टा हवा होता, अगदी मनापासून. इंग्लंडला आल्यापासून मी एक तर उदयची बायको, नाहीतर वरदाची मम्मी. माझं स्वतःचं असं इथे काही नव्हतंच.

मग घरी सराव. उदय पोटाला सोफ्याची उशी बांधून उभा. लाथ बसली की माझा हात निघालाच.

"रोज नवऱ्याला नमस्कार," तो म्हणाला, "आईला फोन करून सांगतो, केवढी खूश होईल."

"गप रे. उशी वर धर."

परीक्षेला माझ्यासमोर ट्रेसीच होती. खुणेसरशी तिची लाथ माझ्या पोटात बसली आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. मी सावरतेय तोच ती किंचित वाकली. तिचा हात माझ्या कोपराला शिवला आणि तिच्या छातीशी गेला.

मला गलबलून आलं. या परक्या गावात माझ्या आईची सवय एका गोऱ्या बाईच्या हाताला लागली होती. पण तिची उजवी बाजू सताड उघडी होती. नमस्कार करणाऱ्या बाईला लाथ कशी मारायची, असा विचार मनात आला खरा. तोवर पाय निघाला होता.

लाथ दणकून बसली. माझा उजवा हात निघाला, अर्ध्यात आला, आणि मी तिथेच त्याची मूठ वळली. ग्रॅहम त्या मुठीकडे टक लावून बघत होता.

"थांबा," तो म्हणाला. मग ट्रेसीकडे वळून, अगदी थकलेल्या आवाजात, "आता तूसुद्धा?"

पट्टा त्यानं स्वतः माझ्या कमरेला बांधला. मी रडले, आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही.

"सेन्सेई, परीक्षा संपली ना?" मी विचारलं.

"संपली."

मग मी ट्रेसीजवळ गेले, जिथे लाथ बसली होती तिथे हात लावला आणि तो छातीशी नेला.

"वाटच बघत होते," बरगडी चोळत ट्रेसी म्हणाली.