केक सुटला, सॅलड अडकलं

साथीच्या रोगांच्या विभागात जुनी रीत होती: पीएचडीचं शेवटचं सादरीकरण ज्याचं, खाऊही त्याचा. चिमणीनं केक कँटीनमधून घेतला, पण बटाट्याचं सॅलड हौसेनं स्वतः केलं. "रात्रभर बाहेर ठेवू नकोस गं," असं आईनं फोनवर दोनदा बजावलं होतं. पण फ्रिजमध्ये जागा नव्हती, आणि साथरोगवालीला आईनं काय शिकवायचं!

दुसऱ्या दिवशी अख्खा विभाग आडवा. गाइड मॅडमचा कण्हत फोन आला, "कोणी काय खाल्लं, कोणाला त्रास झाला, तक्ता कर. सहीचं नंतर बघू."

झालं! त्या सहीवाचून प्रबंध पुढे सरकणार नव्हता. तीन वर्षं मॅडमचं एकच पालुपद: "तुझ्या आकड्यांतून ठाम काही निघत नाही."

चिमणी विभागात बसून फोन लावत सुटली. तिला स्वतःला आदल्या दिवशी सादरीकरणाच्या धास्तीनं घास उतरला नव्हता. बारा जणांनी सॅलडही खाल्लं होतं, कँटीनचा केकही; अकरा आजारी. तिला जरा हायसं वाटलं. दोघांतला चोर कोण, कसं कळणार?

तेवढ्यात हेडक्लार्क दारात. "आमची नावं कुठायत? आम्ही ऑफिसचे पाच जण उशिरा आलो, तर सॅलड संपलेलं. मग केकवर ताव मारला. मी एकट्यानं चार तुकडे!"

"आणि पोट?"

"दगड पचवतो आम्ही. पाचही ठणठणीत!"

मेलं लचांड! केक सुटला, सॅलड अडकलं. हे पाच बिनबोलावता आलेले. यादीतून वगळले तर कोण विचारणार? तिनं पेन दोनदा उचललं, दोनदा ठेवलं. पण कँटीनवाल्या काकांनी तो केक खास तिच्यासाठी पहाटे उठून केला होता. तिला स्वतःचीच लाज वाटली. पाचही ओळी भरून तिनं खाली लिहिलं: सॅलड मी केलं. रात्रभर बाहेर होतं.

संध्याकाळी ती मॅडमच्या घरी गेली. सहीचा फॉर्म पिशवीत होता, काढायची छाती नव्हती. मॅडम उशीला टेकून मीठ-साखरेचं पाणी पीत होत्या. त्यांनी सॅलड दोनदा वाढून घेतलं होतं. तक्ता त्यांनी वरून खाली वाचला, मग खालून वर.

"फॉर्म आण इकडे."

मॅडमनी सही ठोकली. "तीन वर्षांत पहिल्यांदा तुझ्या आकड्यांतून काहीतरी ठाम निघालं!" मग पोट धरून घाईघाईनं उठल्या. "आणि हे बघ, तोंडी परीक्षेला केकच आण."