जोडीचा रेट

दिंडोरीच्या दवाखान्यात ताईच्या कानाला टाके घातले, तेव्हा डॉक्टर म्हणला, नाशिकला कॉलेज रोडला समुपदेशनवाल्या एक मॅडम हायत, त्यांच्याकडं जा. दाजी लगेच तयार. हा लखनदाजी द्राक्षबागेत फवारणीचा ट्रॅक्टर चालवतो, अन् चारचौघात लय गोड. आईनं मला सोबत धाडलं. शाळा सोडल्यापासून मी रिकामाच फिरतो, असं तिचं म्हणणं.

काउंटरवरच्या पोरीनं रेट सांगितले. एकट्याचे बाराशे, जोडीचे अठराशे, मोबाईलवर आठशे, गटात बसलं तर तीनशे. म्हणली, मॅडम पयले एकेकट्याला भेटतात, तेच बरं पडतं. दाजीनं बोटांवर हिशोब केला, जोडीत सहाशे वाचतेत. मी आईला फोन लावला. आई म्हणली, आपल्याकडं पंच बसतात तवा दोघांना समोरासमोरच बसवतात ना? पाठीमागं बोललेलं कोण धरतं? जोडीचंच घ्या.

मलाबी पटलं. ताईला कुणी विचारलंच नाय. ती पदरानं कान झाकून बसलेली.

ती दोघं मॅडमकडं आत गेली, मी बाहेर बाकावर. दाराला काच होती, अन् फट राहिलेली. मॅडमनं पाणी दिलं, तशी ती बोलायला लागली. फवारणीच्या पाईपानं मारतो ते, कानाचं, सगळं. दाजी मान खाली घालून डोळे पुसत होता. पण मी टेबलाखाली बघत होतो. त्याच्या बुटाखाली ताईच्या पायाची बोटं होती, अन् तो हळूहळू दाबत होता. ती तरी बोलत राहिली.

खाली पार्किंगमध्ये दाजीनं हँडलवरचं हेल्मेट काढलं अन् ताईच्या त्याच कानावर हाणलं.

"पाईपाचं सांगते? परक्या बाईला?"

टाके उसवले. ताई दोन गाड्यांच्या मधी पडली, गळ्यापर्यंत रक्त. त्यानं परत हात उचलला. मी मागून हेल्मेट हिसकलं अन् त्याच्या तोंडावर घातलं. दात फरशीवर पडला. तो आडवा झाला, तसा मी छातीवर बसलो अन् हाणत राहिलो. नाक फुटलं. मग भुवई. वॉचमन कॉलर धरून ओढत होता, त्याच्या हाताला चावलो. दाजीचे हात कवाच गळून पडले होते. मागून ताई बस म्हणून ओरडत होती. मला वाटलं, अजूनबी नवऱ्याचीच बाजू घेते.

वॉचमननं शेवटी मला फरफटत बाजूला केलं. मी ताईला उठवायला गेलो, हात पुढं केला. तिनं दोन्ही हातांनी कान झाकला अन् भिंतीपर्यंत सरकत गेली.

"मी हाय, ताई."

ती माझ्या हातातल्या हेल्मेटकडं बघत होती.

मॅडम पळत खाली आल्या. पोलिसांना फोन केला, कानाला रुमाल दाबून धरला. ताईनं त्यांचं मनगट पकडलं.

"मला परत यायचंय. एकटीचं घ्या. पैसे माझे हायत, छाटणीच्या मजुरीचे."

मग माझ्याकडं न बघताच म्हणली, "अन् ह्याला वर येऊ देऊ नका."