खिडकीपाशी राखण

साहेब, त्या दिवशी वर्गात सगळ्यात जास्त लक्ष मयुरीचं होतं आणि शून्य तुम्ही मयुरीलाच दिलंत. आमच्या निरीक्षकाने दिलं, असं म्हणाल. निरीक्षक तुमचा, तक्ता तुमचा, खालची सही तुमची. तेव्हा आता तुम्हीच ऐका.

"मयुरी, समोर बघ बेटा," निरीक्षक म्हणाले.

मयुरीने मान समोर केली. कान खिडकीतच राहिले.

"मी काही शब्द वाचतो. नंतर जेवढे आठवतील तेवढे सांगायचे. पेन, आंबा, घड्याळ, नदी..."

बाकीच्या पोरांनी धडाधड शब्द सांगितले. मयुरी पेनवरच अडकली. मग निरीक्षकांनी चित्रं दाखवली. गाय, बकरी, वाघ, कुत्रा. यातला वेगळा कोण?

"कुत्रा," मयुरी म्हणाली.

"का बरं?"

"तो भुंकते. बाकीचे गपच येतेत."

पोरं हसली नाहीत. निरीक्षक हसले आणि त्यांनी विचारक्षमतेच्या रकान्यात काट मारली.

शाळा गोंडपिपरीच्या पुढे, डांबर संपतं तिथून आत. दोन खोल्या, मागे हातपंप, हातपंपाच्या मागे लगेच जंगल. मध्ये आवारभिंत होती. ती पडली, विटा गावाने नेल्या. नव्या भिंतीसाठी रीता मॅडमनी इतके अर्ज केले की तालुक्याचा बाबू त्यांना बघताच चहा सांगायचा आणि भिंत सोडून सगळ्या विषयांवर बोलायचा. मग एका दुपारी हातपंपाजवळून वाघाने पत्रूची कालवड उचलली. पोरं खिडकीतून बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी राखण सुरू केली. शेतात पीक राखायला पोरं मचाणावर बसतात, तसंच. मागच्या खिडकीपाशी रोज एक पोर, पाळीपाळीने. खिडकीच्या कठड्यावर एक ताट आणि चमचा. वांदरं ओरडली, नाहीतर रान एकदम गप झालं, की ताट बडवायचं. ताट वाजलं की बाहेर असेल त्याने आत यायचं. ज्याची पाळी, त्याचा बुडालेला धडा मॅडम दुसऱ्या दिवशी जवळ बसवून करून घेत.

बाहेर बहुतेक वेळा नीलाबाई असायच्या. त्या शाळेची खिचडी शिजवायच्या आणि हातपंपावर भांडी घासायच्या. ताट वाजलं की हातातला झारा न सोडता पळत यायच्या आणि दारातूनच सुरू व्हायच्या.

"काऊन रे, वांदराले शिंक आली तरी ताट बडवता? माही खिचडी करपून राह्यली ना!"

"आजी, आवाज वेगळा होता."

"आवाज वेगळा! तुहं नाव सांगत होता काय?"

पण आल्या नाहीत, असं एकदाही झालं नाही. आणि खिचडी खरंच करपली, तर तळाची खरवड त्या मॅडमच्या डब्यात घालायच्या. मॅडमना ती आवडायची. राजुऱ्याहून बदली होऊन आल्या, तेव्हा पहिलं वर्ष त्यांनी परत जायची वाट बघत काढलं. पुढे बदलीचा अर्ज करायचं त्यांनी सोडून दिलं. कारण कोणी विचारलं तर त्या खरवडीचं नाव सांगायच्या आणि नीलाबाई लाजायच्या.

तर तपासणीच्या त्या दिवशी निरीक्षकांनी मॅडमना बाजूला घेतलं. "ही मुलगी एकटी मागे का बसवली?"

"पाळी आहे तिची, सर. राखणीची." मॅडमनी सगळं सांगितलं. कालवड, वांदरं, ताट.

निरीक्षकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "भिंतीचा विषय बांधकामाकडे, मॅडम. माझ्याकडे फक्त लक्ष, स्मरण आणि विचार."

निघताना त्यांनी विचारलं, मोटारसायकलसोबत डांबरापर्यंत गावातलं कोणी येईल का. पत्रू गेला सोडायला.

मग तुमचं पत्र आलं. मागची बैठक बंद करावी. अध्यापनाच्या वेळी मागील खिडकी बंद ठेवावी. लक्ष विचलित करणाऱ्या वस्तू वर्गातून काढाव्यात. तसं न केल्यास शिक्षिकेवर कारवाई. ताटाला तुम्ही वस्तू म्हणालात.

मॅडमनी ते पत्र नीलाबाईंना वाचून दाखवलं.

"लावा खिडकी, मॅडम," नीलाबाई भांडं घासता घासता म्हणाल्या. "तुमची नोकरी गेली तं मी खिचडी कोणासाठी शिजवू? आन् वाघ काय माह्या नावाचा समन्स घेऊन बसला हाय?"

"हसू नका, आजी. मी पुन्हा लिहिते त्यांना."

"लिहा. तंवर लावा."

मॅडमनी लिहिलं. खिडकीही लावली. ताट स्वयंपाकघरात गेलं, मयुरी पहिल्या रांगेत आली. निरीक्षक पुन्हा आले, तेव्हा वर्ग फळ्याकडे बघत होता. मयुरीला सगळे शब्द आठवले. वेगळा कोण विचारल्यावर तिने वाघ सांगितलं. शाळेची प्रगती समाधानकारक, असा शेरा मिळाला. भिंतीबद्दल लिहिलेल्याला उत्तर आलं नाही.

पुढे एके दिवशी भागाकार चालू होता. मॅडम फळ्यावर लिहीत होत्या. खिचडी होऊन गेली होती, पोरांचे डबे धुऊन झाले होते, नीलाबाई मागे हातपंपावर भांडी घासत होत्या. मागून, बंद खिडकीच्या पलीकडून, वांदरं ओरडली. मयुरीची मान वळली.

"मयुरी, समोर," मॅडम म्हणाल्या. मागे न वळता म्हणाल्या. इतक्या आठवड्यांत सवय लागली होती, पोरांनाही आणि त्यांनाही.

मयुरीने मान समोर केली. शहाणी पोर.

मग दगडावर भांडं पडल्याचा आवाज आला. नीलाबाईंच्या हातून भांडं कधी पडत नसे. मॅडमच्या हातातला खडू तिथेच थांबला. सगळ्यात आधी मयुरी उठली. ती खिडकीकडे गेली नाही. ती स्वयंपाकघरात पळाली, ताट घेऊन आली आणि वर्गाच्या मधोमध उभी राहून बडवत राहिली. कोणी थांबवलं तरी थांबेना. बाहेरून कोणी आत आलं नाही.

संध्याकाळी गावाने नीलाबाईंना रानातून आणलं. जंगल खात्याची गाडी आली, झाडांना कॅमेरे बांधले गेले, फोटो निघाले. तुमच्याकडून एक माणूस आला. भिंतीच्या जागेवर उभं राहून फोनवर बोलला आणि अंधार पडायच्या आत निघाला.

मयुरीची स्मरणशक्ती आता चांगली आहे, साहेब. त्या दिवशी फळ्यावर अर्धा राहिलेला भागाकार तिला पाठ आहे. काहीही विचारलं तरी ती तेवढाच सांगते आणि जिथे खडू थांबला तिथे थांबते.

मागची खिडकी उघडी आहे. ताट कठड्यावर परत आलं आहे. राखणीला आता पोरं बसत नाहीत, रीता मॅडम बसतात. खुर्ची खिडकीला लावून, एक खांदा वर्गाकडे आणि एक रानाकडे करून त्या शिकवतात. पोरांनी आपल्या सतरंज्या फिरवून घेतल्या आहेत. फळा पाठीमागे गेला. नवीन बाई खिचडी शिजवते, ती करपू देत नाही. मॅडमचा डबा लवकर संपतो.

परवा तुमचा नवा तक्ता आला. त्यात एक रकाना आहे: वर्गात लक्ष नसणाऱ्यांची नावे. मॅडमनी बाकी सगळं भरलं, तो कोरा ठेवला आणि टपालाने परत केला.

आता तो तुमच्या टेबलावर असेल. भरा तो रकाना. लक्ष कोणाचं नव्हतं, नावानिशी लिहा. आणि त्याच कागदावर खाली लिहा, भिंत कधी?