चार पुड्या, चार ग्लास

मित्रांनो, मी एक जुनी तांबडी रक्तपेशी आहे. जुनी म्हणजे एकशे दहा दिवसांची. हसू नका. आमच्यात एकशे वीस दिवस झाले की पंक्तीतून उठावंच लागतं, त्यामुळे मी चांगली पिकलेली म्हातारी समजा.

माझा जन्म शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावात झाला, शिवांश नावाच्या अडीच वर्षांच्या मुलाच्या मांडीच्या हाडात. त्या हाडातून बाहेर पडताना आम्ही आमचं केंद्रक मागे टाकून निघतो. केंद्रक म्हणजे पेशीचं डोकंच म्हणा. ते टाकलं की प्राणवायूला जागा होते. पण पुढे काही मोडलं, बिघडलं, तर नवं घडवता येत नाही. सासरी जाताना जेवढं दिलं तेवढ्यावरच जन्म काढायचा.

माझं काम हमालीचं. छातीतून प्राणवायू उचलायचा आणि शिवांशच्या पायाच्या करंगळीपर्यंत पोचवायचा. एक फेरी मिनिटाच्या आत. कानाच्या पाळीतून जाताना बाहेरचं बोलणं कानी पडायचं, म्हणून घरातली खडान्‌खडा बातमी मला असे. कौतुक आमचं एकदाच झालं. अंगणवाडीत त्याचं बोट टोचून रक्तातलं हिमोग्लोबिन तपासलं आणि बाई म्हणाल्या, “अकरा हाय, लई चांगलं हाय!” त्या दिवशी मी उगाचच दोन फेऱ्या ऐटीत मारल्या. नाहीतर खरचटल्याशिवाय आमची आठवण कोण काढतं?

आता माझ्या अंगाची एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. माझ्या अंगाला पाण्याची बारीक दारं आहेत, लाखाच्या वर. त्यांतून फक्त पाणी ये-जा करतं. पण या दारांना कडी नाही. बाहेर मीठ वाढलं की माझ्यातलं पाणी निघून जातं, बाहेर मीठ कमी झालं की पाणी आत शिरतं. मला कुणी विचारत नाही. मूत्रपिंडात एक खारट गल्ली आहे, तिच्यातून जाताना मी दर वेळी आक्रसते आणि बाहेर आले की पुन्हा भरते. त्याचं मला कधी भय वाटलं नाही, कारण ती गल्ली संपते.

परवा शिवांशची आई उज्वला शिक्षक भरतीच्या परीक्षेसाठी नांदेडला गेली. वडील पुण्याला कंपनीत. घरात शिवांश आणि त्याचे आजोबा आप्पासाहेब, दोघंच. आप्पांनी पन्नास वर्षं शेती केली आहे. सोयाबीनवर फवारायच्या औषधाच्या डब्यावर पंपाला एक टोपण लिहिलं असलं, तर ते दीड घालायचे. “कडक केल्याबिगर गुण येत न्हाई,” हे त्यांचं ठरलेलं. एकदा पानं करपली, तेव्हा त्यांनी उन्हाला शिव्या दिल्या.

उज्वला गेली त्याच दिवशी शिवांशला जुलाब लागले. आप्पा डगमगले नाहीत. मेडिकलवरून जुलाबावर पाजायच्या मीठ-साखरेच्या चार पुड्या आणल्या आणि एक पुडी एका ग्लासात कालवली. दिवसभरात दोन, दुसऱ्या दिवशी दोन.

पहिल्या ग्लासानंतर मला वाटलं, आज खारट गल्ली जरा लांबली. दुसऱ्या ग्लासानंतर कळलं की ती संपतच नाही. हातात, पायात, पाठीत, जिथे जावं तिथे खारं. माझं पाणी दारादारातून चाललं होतं आणि मी नुसती बघत होते. अंगावर सुरकुत्या पडल्या. शेजारणीही आक्रसलेल्या. एकमेकींना धीर द्यावा म्हटलं, तर काय सांगून द्यावा?

कानाच्या पाळीत शिरले की शिवांशचा आवाज यायचा. “पानी, आप्पा, पानी.”

“साधं पानी नगं रं राजा. ह्याच्यातच औषध हाय. पी, वाघ हाईस की न्हाई तू?”

आणि तो वाघ तहानेनं पुढचा ग्लास घटाघटा प्यायचा. मी ओरडले असते, पण पेशीला तोंड नसतं.

मेंदूतल्या पेशी आमच्यापेक्षा शहाण्या. त्यांच्याकडे केंद्रक आहे, त्यांना संकटात काहीतरी करता येतं. पाणी जाऊ लागलं तशा त्या आतमध्ये इकडचे तिकडचे पदार्थ साठवू लागल्या, म्हणजे उरलेलं पाणी धरून ठेवता यावं. पण त्या साठवणीला वेळ लागतो, आणि तोवर शिवांशचं रडणं बारीक, किंचाळल्यासारखं झालं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा हात झटके देऊ लागला, तेव्हा आप्पांनी जीप सांगून लातूर गाठलं.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, “जुलाबाची पुडी पाजली का?”

“पाजली की. चार.”

“चांगलं केलं,” मॅडम म्हणाल्या. पाणी किती घेतलं, हे त्या गर्दीत त्यांनीही विचारलं नाही. मग त्यांनी शिवांशच्या दंडातून रक्त काढलं आणि त्या रक्तात मी बाहेर आले. मी जांभळ्या टोपणाच्या नळीत पडले, माझ्या काही बहिणी लाल टोपणाच्या. दोन्ही नळ्या आप्पांच्या हातात दिल्या गेल्या, कारण नमुना तपासणीच्या खोलीत नातेवाइकांनीच पोचवायचा असतो.

खिडकीत रामलिंग नावाचा तपासनीस होता. त्यानं माझी नळी खिडकीशीच ठेवली, लाल नळीतलं रक्त यंत्राला लावलं, आकडा बघितला, पुन्हा लावलं आणि मॅडमना फोन केला. “सोडियम एकशे अडुसष्ट येऊन राहिलंय, मॅडम. दोनदा बघितलं.” सोडियम म्हणजे मिठाचाच अंश, तो असायला हवा फार तर एकशे पंचेचाळीस.

मॅडम धावतच आल्या. “आजोबा, पुडी कितीत कालवली?”

“गिलासात.”

“एका ग्लासात एक?”

“हाव. जरा कडक केलं. म्हणलं, लवकर उतार पडंल.”

“ती एक लिटर पाण्याची असते. पाच ग्लासांची.”

आप्पा म्हणाले, “म्या पुडीवरची तारीख बघितली होती, मॅडम. तारीख बरोबर हाय.”

मग आप्पांनी विचारलं, “मग आता साधं पानी पाजू का? लई मागून राहिलंय लेकरू.”

“नाही. आता घाई केली तर मेंदूला सूज येईल. दोन दिवस लावून हळूहळू उतरवायचं.”

मला ते लगेच पटलं. मेंदूतल्या बहिणींनी जीव वाचवायला जी साठवण केली, ती आता आत आहे. गोडं पाणी एकदम आलं तर तीच साठवण त्याला ओढून घेईल आणि त्या फुगतील. दाराला कडी नाही, हे सांगितलंच आहे.

एक वाजता आप्पा दुसरी नळी घेऊन आले. रामलिंग म्हणाला, “एकशे सहासष्ट.”

“दोनच?”

“दोनच पाहिजे, आप्पा. जास्त उतरलं तर वाईट.”

जन्मभर लवकर गुण यावा म्हणून धडपडलेला तो माणूस खिडकीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, “मग सावकाश येऊ दे बाबा. एकदम सावकाश.” मला रडू आलं, पण माझ्याकडे पाणी कुठे होतं?

पाच वाजता तिसरी नळी आली, ती उज्वलाच्या हातात. नांदेडहून एसटीनं ती थेट आली होती. आप्पा तिच्या मागे दोन पावलांवर उभे होते. रामलिंगनं आकडा सांगितला, “एकशे चौसष्ट. उतरतंय ताई. पण झटके अजून आहेत, त्यामुळे आत्ताच काही सांगता येत नाही.”

“पण एवढं मीठ त्याच्या अंगात आलं कुठून?” उज्वलानं विचारलं.

आप्पा म्हणाले, “म्या घातलं, पोरी.”

ती वळली. त्यांच्याकडे बघत राहिली. मग वॉर्डाकडे निघून गेली. आप्पा तिच्या मागे गेले नाहीत. ते बाकावर बसले.

थोड्या वेळानं माझी नळी टाकाऊ डब्यात जाईल. शिवांशचं पुढे काय होईल ते मला कळणार नाही. मित्रांनो, तुम्हाला वाचता येतं. घरात पुडी आली की तिच्यावरचा पाण्याचा आकडा मोठ्यानं वाचा, मोठी माणसं गप्प बस म्हणाली तरी वाचा. औषधातलं पाणीही औषधच असतं.

आणि आणखी एक काम करा. मी शिवांशच्या ओठांतून हजारदा गेले. त्या दोन दिवसांत आप्पांच्या ओल्या रुमालाचा गारवा मला तिथे कितीदा लागला, याची गणती नाही. त्यांनी डोळ्याला डोळा लावला नव्हता. हे उज्वलाला कुणीतरी सांगा. मला सांगता येत नाही.