गिरजाबाईच्या काकडीचं बी

"थांब रे धनराज! हात नको लावू तिथं!"

मामाजी इतक्या जोरात ओरडले की गवंडीकाम करणाऱ्या धनराजच्या हातून सब्बल खाली पडली आणि माझ्या हातातला चहा सांडला. स्लॅबची खोली बांधायची म्हणून स्वयंपाकघराची मागची मातीची भिंत पाडणं सुरू होतं. वर, धुरानं काळ्या पडलेल्या कोपऱ्यात शेणाचा एक चपटा गोळा चिकटलेला होता. आम्ही सगळे त्याला भिंतीचाच भाग समजत होतो.

मामाजी म्हणजे माझे सासरे, शालिकराम. वय एकाहत्तर, पण स्टुलावर चढले ते पोरासारखे. विळ्याच्या टोकानं गोळा सोडवून दोन्ही हातांत धरून खाली आले. त्यावर चार बोटांचे ठसे होते. माझ्या सासूबाईंचे, गिरजाबाईंचे; मी त्यांना आत्याबाई म्हणायची. काकडीचं बी राखेत घोळून, शेणात कालवून भिंतीवर थापलं की त्याला कीड लागत नाही; हे काम आत्याबाई दरवर्षी स्वतः करायच्या. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. त्या दुःखात बी धरायचं कुणालाच सुचलं नाही आणि त्यांची ती फिकट हिरवी, कधी कडू न निघणारी काकडी आमच्या मळ्यातूनच काय, अख्ख्या धनज गावातून गेली.

"सुप्रिया, याच्यात बी हाये! बादली आन पान्याची!"

"मामाजी, फोडू नका ना. आत्याबाईचे बोटं हायेत त्याच्यावर. जपून ठेवू."

"कायले? गेलेल्या बाईचे बोटं हायेत ते. बी कदाचित जित्तं असन."

मला असा राग आला! चव्वेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोबद्दल कुणी असं बोलतं? पण हा माणूस पहिल्यापासून असाच. देवाला हात जोडत नाहीत आणि जोडणाऱ्याला अडवतही नाहीत. शाळा सातवीपर्यंतच झालेली. कारंजाच्या बाजारात पावशेर मिरच्या घ्यायला आलेल्या बाईला सूर्याचं वय सांगतात, आणि तुमच्या रक्तातलं लोखंड एका चांदणीच्या पोटात शिजलं म्हणतात. बाई मिरच्या तिथंच टाकून पुढच्या दुकानात जाते.

बादली आणली. मामाजींनी आपली चार बोटं आत्याबाईंच्या ठशांत ठेवून पाहिली. मावली नाहीत. थोडा वेळ तशीच वर टेकवून बसले, मग गोळा पाण्यात सोडला. ठसे माझ्या डोळ्यांसमोर विरघळले. चाळीसएक दाणे सुटे झाले. पोकळ होते ते तरंगले, नऊ दाणे बुडाले. तेवढेच ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यांनी चुलीजवळ ठेवले.

त्यानंतर घरात कुणाला चैन राहिलं नाही. बाळंतिणीच्या दाराशी बसावं तसे मामाजी गोणपाटाशी बसून. तासातासाला उघडून बघायचे.

"उघडू नका सारखं, गारठन ते," मी खेकसायची.

"एकडाव पाहू दे वं!"

तिसऱ्या दिवशी मी मनातलं विचारलंच. "मामाजी, आत्याबाई कुठंतरी असतीन ना?"

"नाही. कुठं बसून आपल्याले पाहून नाही राह्यली ते. गेली."

"मंग तुमाले एवढा आनंद कायचा हून राह्यला?"

"अवं, हेच त!" ते उठून उभेच राहिले. "करोडो वर्स हे माती नुसती पडून होती. आंधयी. आपून हाओत, हे बी तिले ठावूक नोतं. कोनं सांगतलं नाही, कोनं बनवलं नाही, अन् एक दिवस त्याच मातीले डोये फुटले! ते डोये म्हंजे तू, मी, ते दारातली बकरी. थोडाच टाइम उघडे राह्यतात. तेवढ्यात पाहून घ्या लागते, बाई. गिरजानं लय पाह्यलं."

बोलता बोलता त्यांचा आवाज चढला होता. मला सगळं पटलं असं नाही, पण रात्री भाकरी थापताना मी स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिले.

पाचव्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते, तर आतून हाक आली.

"गिरजे! अवं गिरजे, पाह्य! मोड आला!"

माझ्या हातातला झाडू थांबला. धनराज थांबला. हर्षल, माझा नवरा, दात घासता घासता तसाच उभा राहिला. मी आत धावले. मामाजी गोणपाट हातात धरून बसले होते. आपण कुणाला हाक मारली हे त्यांना तेव्हाच कळलं असावं. गेलेलं माणूस कुठंच नसतं, असं आयुष्यभर सांगणारा माणूस दाराकडे बघत राहिला होता.

"सवय हाये," ते हळूच म्हणाले. मग मला जवळ बोलावलं. "गिरजा नाही पाहू शकत. तू पाह्य. नीट पाह्य."

मी वाकले. नवांपैकी एक दाणा टोकाशी उकलला होता आणि त्यातून पांढरं मूळ बाहेर आलं होतं, तांदळाच्या कणीएवढं.

"दिसलं का?" त्यांनी उतावीळपणे विचारलं.

माझे डोळे भरून आले होते, काहीच दिसत नव्हतं. मी पदरानं ते पुसले आणि पुन्हा पाहिलं.