मेले

कागिणा नदीच्या काठावरची ती चुनखडीची गुहा बघायची हौस अमरदीपची. तो उदगीरच्या शाळेत इतिहास शिकवायचा आणि जुनी हाडं म्हटलं की तहानभूक विसरायचा. त्याच्या बायकोला, पंचशीलाला मात्र तोंडापाशीच नको वाटलं. आत ओल होती आणि छतातून पाण्यासोबत बारीक खडे गळत होते.

वाटाड्या चन्नबसप्पा जवळच्याच गावचा, त्याला मराठीचा गंध नव्हता. त्याने काठीने छत ठोकून पाहिलं. एका जागी दगड पोकळ वाजला.

"मेले नोडरी," तो बजावून म्हणाला.

"कोण मेले?" अमरदीप दचकला.

पंचशीलाला हसू फुटलं. तिचं माहेर सीमेवरचं खटकचिंचोळी, त्यामुळे दोन्ही भाषा घरच्याच. "कुणी न्हाई मेलं. कन्नडात मेले म्हंजे वर. वर बघत चला म्हणायलाय अण्णा."

झालं! नवऱ्याला खेळणंच मिळालं. चन्नबसप्पाने "मेले" म्हणायचा अवकाश, की हा विचारणार, "अरेरे, कोण मेले?" लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याच्या फालतू विनोदालाही हसू येण्याचे ते दिवस, तीही हसत राहिली. मस्करीची कुस्करी होते म्हणतात, पण ते वेळेवर सांगायला कुणी म्हातारं माणूस सोबत लागतं.

बाहेरचा उजेड सरला तिथे बॅटरीच्या झोतात एक खड्डा दिसला. त्यात सांगाडा, हजारो वर्षांपूर्वीचा. शेजारी दगडाची हत्यारं, छातीवर भलीमोठी शिळा. त्या माणसाला कुणी निजवून पुरलेलं नव्हतं. त्याचे दोन्ही हात तोंडावर आडवे होते.

पंचशीलाने वर पाहिलं. छतात त्या शिळेएवढीच खाच होती आणि तिच्या कडेने एक चीर पुढे, अमरदीपच्या डोक्यावरपर्यंत आली होती.

"अहो, चला बाहेर. मला लई भ्याव वाटायलंय."

"एकच फोटू काढतो. तू हो पुढं."

ती चन्नबसप्पासोबत तोंडापाशी आली. मागे गळणारे खडे एकदम थांबले, तेव्हा ती मागे वळली. मग हरभऱ्याचा घाटा फुटावा तसा बारीक आवाज झाला.

"मेले! मेले!" चन्नबसप्पा ओरडला.

तिला सगळं कळलं. वर बघा, पळा, एवढंच सांगायचं होतं. पण कानात भरलेला शब्दच जिभेवर आला आणि तीही जिवाच्या आकांताने ओरडली, "मेले!"

आतून अमरदीपचं हसणं ऐकू आलं.

"आता कोण मेले गं?"

आणि छत कोसळलं. धुळीचा लोट बाहेर येऊन तिच्या अंगावर बसला. चन्नबसप्पा माणसं आणायला गावाकडे धावत सुटला.

पंचशीला दगडांना तोंड लावून बसली होती. आता तिला मराठी सापडली होती.

"वर बघा," ती सांगत होती. "अहो, वर बघा की."