तेझेनचं पाणी

"हीच आपली गल्ली," अमाकल्ला ठासून म्हणाली आणि मोडक्या भिंतीवर टेकून पायातला काटा काढू लागली. "कोपऱ्यावर भटारखाना होता ना, तो बघ."

निनहेदूने बघितलं. भटारखान्याच्या जागी विटांचा ढीग होता आणि त्यावर कुणाची तरी शेळी उभी होती.

"वन्सं, सकाळी पण हेच म्हणालात. दुपारपर्यंत उकरत बसलो आणि निघाली काय, तर दुसऱ्याच्या चुलीची राख."

"मग तू सांग. तुझं सासर आहे."

"तुमचं माहेर आहे."

नणंदेने काटा उपटून फेकला आणि ती पुढे चालू लागली.

पूर्वेकडच्या एलाम देशाच्या फौजेने उर शहर जाळलं, तो दिवस अमावास्येचा होता. उरमध्ये घरची माणसं मेल्यावरही घर सोडून जात नाहीत. जमिनीखालीच त्यांना जागा केलेली असते आणि वरून त्यांच्यापर्यंत मातीची एक नळी गेलेली असते. दर अमावास्येला घरच्या बाईने त्या नळीत पाणी ओतायचं आणि एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची. ज्याला पाणी मिळत नाही, तो तहानेने व्याकूळ होऊन वणवण फिरतो. निनहेदूच्या घराखाली तिची सासू होती, आणि एका लहानशा रांजणात पुरलेली तिची मुलगी तेझेन. नुकती कुठे पावलं टाकायला लागली होती आणि तापाने गेली.

त्या सकाळी निनहेदू कालव्यावरून घडा भरून आली आणि दारात टेकवतेय तोच शिपाई गल्लीत शिरले. तिचा नवरा लुनन्ना आदल्या दिवसापासून तटावर लढत होता, तो तिथेच पडला. तिला आणि नणंदेला केसांना धरून फरफटत नेलं. भरलेला घडा दारातच राहिला. मग एलामच्या सुसा शहरात मागावर लोकर विणण्यात तिचे केस पांढरे झाले, पण तो घडा काही डोळ्यांपुढून हलला नाही. तिथल्या परक्या मातीत ओतलेलं पाणी इथे थोडंच पोचणार होतं? प्रत्येक अमावास्येला पाण्याचा घोट तिच्या घशाखाली उतरत नसे. पोर तहानलेली आहे आणि आपण पितोय, हे तिला सोसवत नसे.

शेवटी एलामच्या शिपायांना उरमधून हुसकावलं गेलं आणि पकडून नेलेली माणसं हळूहळू परतू लागली. दोघी काल संध्याकाळी पोचल्या. आज अमावास्या होती आणि ऊन उतरू लागलं होतं.

गल्लीच्या पुढच्या वळणावर एका घरातून धूर निघत होता. दाराला फळी नव्हती, बोरूची चटई टांगलेली होती. विचारून बघू म्हणून निनहेदू पुढे झाली आणि उंबऱ्याशी तिचा पाय थबकला. दाराचा खांब ज्यात फिरतो तो काळा दगड तिथे होता. त्याच्या कडेला खोल खाच होती. सासूबाई जन्मभर त्याच्यावर सुरी घासायच्या.

"वन्सं, हा बघा आपला दगड," तिने हाक मारली.

चटई बाजूला झाली. जात्यावरून उठून आलेली एक तरुण बाई समोर उभी राहिली. अंगावर जाड लोकरीची शाल, केसांची एकच घट्ट वेणी. अमाकल्लाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"मरतू आहे ही, वाळवंटातल्या भटक्यांतली. आमच्या घरात मरतू. जन्म तंबूत गेला, कच्चं मांस खाणारी जात, मेलेलं माणूस पुरायचंसुद्धा कळत नाही ह्यांना."

"कळतं, मावशी," ती बाई शांतपणे म्हणाली. "आणि मांसपण शिजवूनच खातो आम्ही."

तिचं नाव हझाला. नवरा मेंढ्या घेऊन कुरणावर गेला होता. घराला छप्पर नव्हतं, माणूस नव्हतं, म्हणून राहिलो, असं ती म्हणाली. निनहेदूचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ती आत शिरून जमीन बघत होती. पडझडीचा राडारोडा दाबून जमीन हातभर वर आणलेली होती. नळी खाली गाडली गेली असणार. कोपऱ्यात गुडघे टेकून ती नखांनी माती उकरू लागली.

"तिथे नाही," हझाला म्हणाली आणि तिने शेजारची चटई उचलली.

चटईखाली नळीचं तोंड होतं. निनहेदूने आत हात घातला. वरचा तुकडा नवा, गुळगुळीत. खाली डांबराचा सांधा, आणि त्याखाली जुनी नळी बोटांना खरखरीत लागली.

"जमीन वर आणली तेव्हा नळीपण वर घेतली," हझाला म्हणाली. "खाली कोण आहे माहीत नव्हतं. पण कुणाचं तरी माणूस असणार ना? दर अमावास्येला पाणी घालते. नावं येत नाहीत मला. म्हणते, ज्यांचं घर त्यांनी प्यावं."

"तुला काय पडलं होतं?" अमाकल्लाने विचारलं, पण आवाजातली धार गेली होती.

"माझा मुलगा इकडे येताना वाटेत गेला. तिथेच पुरलं आणि कळप घेऊन पुढे निघालो. आता ती जागा सापडायची नाही. मला वाटलं, आपण इथे कुणाला पाणी दिलं, तर त्याला तिकडे कुणीतरी देईल."

निनहेदू जमिनीवरच बसली आणि हमसून हमसून रडली. तिची पोर तहानलेली नव्हती. इतकी वर्षं उराशी धरलेलं दुःख खोटं निघालं होतं, आणि याहून मोठं सुख तिला उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं.

अमाकल्लाने वाकून नळी पाहिली आणि सांधा वाकडा बसलाय असं म्हणाली. आपण आता राहायचं कुठे, असंही ती पुटपुटली. मागची खोली मोकळी आहे, नवरा आला की छप्पर घालून देईल, असं हझालाने सांगितलं. आमच्याच घरात आम्हाला खोली देतेय, असं बडबडत अमाकल्ला खोली बघायला गेली. परत आली तेव्हा भाकरीचं पीठ मळायला बसली.

"आजचं पाणी घातलंस?" निनहेदूने डोळे पुसत विचारलं.

"अजून नाही. भरून ठेवलंय."

दाराशी भरलेला घडा होता. निनहेदू नळीवर ओणवी झाली. तिने सासूला हाक मारली, मग तटावर पडलेल्या नवऱ्यालाही, मग तेझेनला. मग मान वर करून विचारलं, "तुझ्या मुलाचं नाव काय?"

"याशुब."

तिने तेही नाव आत सांगितलं, दोनदा, नीट ऐकू जाईल असं. मग ती सरकून बसली आणि तिने घडा हझालापुढे केला.

"ओत तूच. पोरीला तुझ्या हाताची सवय झालीय."

हझालाने घडा कलता केला. पाणी गुडगुडत खाली जात राहिलं, आणि पिठाचे हात तसेच धरून अमाकल्लाही ऐकत राहिली.